नजरेची वाट

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवर छायाचित्राविषयी बोलणार म्हटल्यावर एक मित्र म्हणाला, "जे दाखवता येणार नाही, त्यावर काय बोलणार?" त्याची शंका रास्त होती. पण छायाचित्रातली रचना, म्हणजे फोटोग्राफर मंडळी जिला कॉम्पोझिशन म्हणतात, ती समजावून सांगायला रेडिओ तितकासा गैरसोयीचा नाही, असे मला वाटते.

एक वर्णन ऐका. उजाड माळ होता. माळावर एक बाभूळ होती. बाभळीखाली एक म्हातारी बसली होती. आता हेच दुसऱ्या क्रमाने ऐका. एक म्हातारी बसली होती. डोक्यावर बाभूळ होती. भोवती उजाड माळ पसरला होता.

सामान दोन्हीकडे तेच आहे. पण पहिल्या वेळी तुम्ही दुरून चालत म्हातारीपर्यंत आलात आणि ती तुम्हाला इवलीशी दिसली. दुसऱ्या वेळी तिचा चेहरा आधी समोर आला आणि माळ नंतर उलगडत गेला. काय आधी, काय नंतर, काय मोठे, काय लहान, हे ठरवणे म्हणजे रचना. मी कविता लिहिणारा माणूस आहे, कॅमेरा हा माझा व्यवसाय नव्हे. तरी छायाचित्रांकडे मी ओढला जातो तो याच कारणाने. कवीला शब्द एकामागून एक ठेवण्याची सोय असते. छायाचित्रकाराला सगळे एकाच क्षणी, एकाच कागदावर द्यावे लागते. तरीही चांगल्या छायाचित्रात पाहणाऱ्याची नजर एका ठराविक वाटेने चालते. ही वाट कशी आखली जाते, ते आज पाहू.

आधी डोळ्याचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. आपल्याला वाटते की समोरचे सगळे आपण एकदमच स्पष्ट पाहतो. तसे नसते. हात समोर लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. साधारण तेवढ्याच भागात आपल्याला अगदी बारकाईने दिसते. बाकीचे सारे धूसर असते. म्हणून डोळा स्थिर राहत नाही. सेकंदाला तीनेक उड्या मारत तो इकडून तिकडे फिरतो, आणि या तुकड्यांमधून मेंदू अखंड चित्र जुळवतो.

आल्फ्रेड यार्बुस नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने डोळ्यांच्या या हालचाली नोंदवून ठेवल्या. त्याचे पुस्तक 1967 साली इंग्रजीत आले. त्याने लोकांना इल्या रेपिन या चित्रकाराचे एक चित्र दाखवले. हद्दपारीतून घरी परतलेला माणूस दारातून आत येतो आहे आणि घरातली माणसे चकित होऊन पाहत आहेत, असे ते चित्र आहे. नुसते पाहा म्हटले तेव्हा लोकांची नजर बहुतांशी चेहऱ्यांवर फिरली. या माणसांची वये सांगा म्हटले, तर ती चेहऱ्यांवरच घुटमळली. हे घर श्रीमंताचे की गरिबाचे, असे विचारताच नजर कपड्यांवर आणि खुर्च्या-टेबलांवर गेली. चित्र तेच होते. प्रश्न बदलला तशी वाट बदलली.

छायाचित्रकाराला आपल्या कानात असा प्रश्न सांगता येत नाही. तो रचनेतून सांगावा लागतो. त्यासाठी त्याला डोळ्याच्या काही सवयी ठाऊक असाव्या लागतात. डोळा अंधारातून उजेडाकडे जातो. माणसाचा चेहरा दिसला की बाकी सोडून तिकडे जातो. चौकटीतले माणूस जिकडे पाहते, तिकडे आपणही पाहतो. आणि अक्षरे दिसली की ती वाचल्याशिवाय आपल्याला राहवत नाही.

या शेवटच्या सवयीचा मजेदार उपयोग होमाई व्यारावाला यांनी केला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाईबाई भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. दिल्लीच्या पालम विमानतळावर पंडित नेहरू कुणाची तरी वाट पाहत उभे आहेत, असा त्यांचा एक फोटो आहे. नेहरूंजवळच एक पाटी आहे आणि तिच्यावर इंग्रजीत लिहिले आहे की येथे छायाचित्रे घेण्यास सक्त मनाई आहे. पाटी वगळली असती तर तो पंतप्रधानांचा आणखी एक फोटो झाला असता. पाटी चौकटीत आली आणि नजर नेहरूंकडून पाटीकडे, पाटीकडून पुन्हा नेहरूंकडे अशी फिरू लागली. पाहणाऱ्याच्या ओठांवर हसू येते ते या येरझारीत.

रचनेचे काही जुने ठोकताळे आहेत. त्यातला तृतीयांशाचा नियम हल्ली प्रत्येकाच्या खिशात असतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा दाखवण्याची सोय असते. त्यांनी चौकटीचे नऊ भाग पडतात. महत्त्वाची गोष्ट मधोमध ठेवण्याऐवजी या रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे ठेवावी, आणि क्षितिज मधोमध न आणता वरच्या किंवा खालच्या रेघेवर आणावे, असा हा नियम. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने 1797 साली निसर्गचित्रांविषयी लिहिताना त्याला हे नाव दिले. तेव्हा कॅमेरा जन्माला यायचा होता. नियमामागचे कारण साधे आहे. मधोमध ठेवलेल्या वस्तूवर नजर पोचते आणि तिथेच बसते. वस्तू बाजूला असली, की उरलेल्या जागेत काय आहे ते पाहायला ती निघते. पण हा नियम म्हणजे वृत्त नव्हे, की एक मात्रा चुकली आणि ओळ लंगडली. पासपोर्टच्या फोटोत माणूस मधोमधच हवा, आणि पाण्यात पडलेले देवळाचे प्रतिबिंब टिपताना क्षितिज मध्यावर आणले तरच दोन्ही अर्धी एकमेकांना तोलतात.

दुसरा ठोकताळा रेषांचा. आषाढी वारीच्या दिवसांत माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते, तेव्हाचे छायाचित्र आपण वर्तमानपत्रात पाहतो. नागमोडी रस्ता आणि त्यावर माणसांनी भरून वाहणारी भगव्या पताकांची ओळ. त्या फोटोत एकही चेहरा नीट दिसत नाही, तरी नजर खिळून राहते. कारण घाटाचे वळण नजरेला हाताला धरून वर नेते. खाली शिरायचे, एक वळण, दुसरे वळण, आणि माथ्याशी पोचायचे. पाहणाराही जणू घाट चढतो. हाच रस्ता सरळसोट असता तर नजर एका झेपेत पार झाली असती आणि चालण्याचे श्रम तिला कळले नसते.

तिसरा ठोकताळा चौकटीतल्या चौकटीचा. दार, खिडकी, कमान यांतून पाहिले की नजरेला कुंपण मिळते आणि ती आत वळते. रघुबीर सिंग यांनी तर अॅम्बॅसडर मोटारीलाच चौकट केले. 1999 साली ते वारले. त्यानंतर त्यांचे या मोटारीवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. गाडीची काच, उघडे दार, बाजूचा आरसा यांतून दिसणारा भारत त्यात आहे. एकाच फोटोत खिडकीतून एक गाव दिसते, आरशात दुसरे, आणि गाडीचा लोखंडी सांगाडा दोहोंना धरून ठेवतो. गर्दीच्या देशात गर्दीला शिस्त लावायची ही मोठी नामी युक्ती होती.

चौथी गोष्ट रिकाम्या जागेची. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ 1948 साली काश्मीरला गेले होते. श्रीनगरच्या हरी पर्बत टेकडीवर पहाटे जमलेल्या मुसलमान स्त्रियांचा त्यांचा फोटो जगभर गाजला. टेकडीच्या उतारावर काही स्त्रिया आहेत. त्यांतली एक उभी राहून दुआसाठी हात पसरते आहे. पलीकडे दरी, डोंगर आणि ढग. ते पसरलेले हात मी आमच्या घरात लहानपणापासून पाहत आलो, पण घरात त्यांच्यापुढे भिंत असायची. इथे त्या ओंजळीपुढे सबंध खोरे मोकळे आहे. ती मोकळी जागा काढून टाका, हात तेवढे जवळून दाखवा, तर दुआ तीच राहील पण ती कुठवर जाते आहे ते दिसणार नाही. गझलेच्या शेरातही दोन ओळींच्या मध्ये जे न बोललेले असते, त्याला असेच काम असते.

कार्तिए-ब्रेसाँ तरुणपणी चित्रकला शिकले होते आणि रचना हा त्यांचा ध्यास होता. काढलेला फोटो मागाहून कापूनछाटून सुधारणे त्यांना सहसा मंजूर नसे. गंमत अशी की त्यांचा सर्वांत गाजलेला फोटो त्याला अपवाद आहे. 1932 साली पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनामागे त्यांनी कुंपणाच्या फटीतून तो घेतला. डबक्यावरून उडी मारणारा माणूस, त्याची टाच पाण्याला लागायला केसभर अंतर उरलेले आणि खाली त्याचे नितळ प्रतिबिंब. कुंपणाची फळी आड येत होती, म्हणून कडेचा भाग कापावा लागला. टाच पाण्याला लागली असती तर तरंग उठून प्रतिबिंब मोडले असते. म्हणजे रचनेत जागेइतकाच क्षणही मोजावा लागतो.

आता एक असे छायाचित्र घेऊ, जे तुमच्या डोळ्यांसमोर आपोआप उभे राहील. गांधीजी खाली बसून कागद वाचत आहेत आणि समोर चरखा आहे. अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी ते 1946 साली घेतले. फोटो घेण्याआधी तुम्ही सूत कातायला शिका, अशी अट त्यांना घालण्यात आली होती. त्या शिकल्या. गांधीजींना प्रखर उजेडाचा त्रास होत असे, म्हणून फ्लॅशचे तीनच दिवे वापरण्याची परवानगी मिळाली. पहिले दोन प्रयत्न वाया गेले आणि तिसरा साधला.

या फोटोत चरखा पुढे आणि मोठा आहे, गांधीजी मागे आहेत. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध माणसांपैकी एकाचा फोटो घ्यायचा आणि त्याला लाकडाच्या चाकामागे बसवायचे, हे धाडसच म्हणायचे. पण नजर कशी चालते पाहा. आधी ती चाकाच्या वर्तुळावर जाते. तिथून मागच्या झुकलेल्या मस्तकाकडे. गांधीजी आपल्याकडे पाहत नाहीत, ते हातातल्या कागदाकडे पाहत आहेत, म्हणून आपणही त्या कागदाकडे वळतो आणि फिरून चाकापाशी येतो. मार्गारेटबाईंना गांधीजींपर्यंत पोचण्याआधी चरख्यापाशी थांबावे लागले होते. फोटो पाहणाऱ्यालाही तसेच थांबावे लागते. एकाही ओळीच्या स्पष्टीकरणाशिवाय माणूस आणि त्याचे काम यांचे नाते त्यातून कळते.

इथवर आपण चौकटीत काय ठेवायचे ते पाहिले. काय वगळायचे, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. माझ्या कवितांच्या वह्यांत राहिलेल्या ओळींपेक्षा खोडलेल्या ओळी जास्त आहेत. पण कवी जे खोडतो ते त्याचे स्वतःचे असते. छायाचित्रकार जे वगळतो ते कुणाचे तरी खरेखुरे घर, मूल, हात असतात. म्हणून तिथे रचनेला नीतीचा प्रश्न येऊन भिडतो.

1936 सालची गोष्ट. अमेरिकेत महामंदी होती. सरकारी कामावर असलेल्या डोरोथिया लँग कॅलिफोर्नियात मोटारीने घरी परतत होत्या. निपोमो गावाजवळ वाटाण्याच्या शेंगा तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी त्यांना दिसली. त्या पुढे गेल्या आणि वीसेक मैलांवरून परत फिरल्या. पीक थंडीने जळले होते आणि मजूर उपाशी होते. एका फाटक्या तंबूत एक बाई आपल्या मुलांना घेऊन बसली होती. लँगबाईंनी तिचे मोजकेच फोटो घेतले आणि प्रत्येक वेळी त्या जवळ सरकत गेल्या. सुरुवातीच्या फोटोत तंबू आहे, सामान आहे, वयात येणारी मुलगी आहे. शेवटच्या फोटोत यातले बहुतेक सारे गेले. उरली आई, मांडीवरचे तान्हे आणि दोन्ही खांद्यांवर डोके टेकलेली दोन मुले. त्या दोघांनी तोंडे फिरवली आहेत. म्हणून चौकटीत ठळक दिसणारा चेहरा एकच राहतो, आणि गालाशी टेकलेला आईचा हात नजरेला थेट त्या चेहऱ्यापाशी नेतो. तिथून नजरेला सुटका नाही.

या फोटोत खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा दिसत होता. लँगबाईंना तो खटके. काही वर्षांनी त्यांनी तो मूळ निगेटिव्हवरच पुसट करून घेतला. सरकारी कागदपत्राशी अशी ढवळाढवळ करणे त्यांच्या वरिष्ठांना पटले नाही. रचनेसाठी एक अंगठा पुसावा की नाही, यावर आजही वाद घालता येईल.

अंगठ्यापेक्षा मोठी गोष्ट मात्र वेगळीच होती. लँगबाईंनी त्या बाईचे नाव विचारले नव्हते. तसे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले. हे फोटो वृत्तपत्रात छापून आले आणि सरकारने त्या तळावर 20,000 पौंड, म्हणजे सुमारे 9,000 किलो अन्न पाठवले. तोवर ते कुटुंब पुढच्या गावी निघून गेले होते. फोटो जगप्रसिद्ध झाला, तरी 40 वर्षांहून अधिक काळ ती बाई बिननावाची राहिली. 1978 साली तिचा शोध लागला. तिचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. हा फोटो काढलाच नसता तर बरे झाले असते, असे ती म्हणाली. आपल्याला त्यातून एक पैही मिळाली नाही, ही तिची तक्रार होती. 1983 साली ती आजारी पडली तेव्हा तिच्या मुलांनी मदतीचे आवाहन केले. हजारो डॉलर आले आणि त्यासोबत पत्रे आली. आईचा फोटो लोकांच्या काळजात इतका खोल गेला आहे, हे तिच्या मुलांना तेव्हा कळले. त्याच वर्षी ती वारली.

या कहाणीत दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ती चौकट इतकी घट्ट नसती तर जगाची नजर तिथे थांबली नसती आणि त्या तळावर अन्नही कदाचित आले नसते. आणि त्याच घट्ट चौकटीने एका जिवंत बाईला गरिबीचे प्रतीक करून टाकले. तिचे नाव, तिचे कष्ट, तिचा पुढचा प्रवास, सगळे चौकटीबाहेर राहिले.

आपल्याकडे याहून कठोर उदाहरण भोपाळचे आहे. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री विषारी वायू सुटला. त्यानंतर पुरल्या जाणाऱ्या एका बाळाचा फोटो रघु राय यांनी कृष्णधवल घेतला, आणि त्याच बाळाचा पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत घेतला. दोन्ही फोटोंत कारखाना नाही, धूर नाही, प्रेतांचे ढीग नाहीत. माती आहे आणि मातीतून दिसणारा लहानसा चेहरा. रघु राय यांच्या फोटोत त्या चेहऱ्यावरून हळुवार फिरणारा एक हात आहे. तो हात कुणाचा, हे चौकट सांगत नाही. पण तो हात आहे म्हणून आपण नुसते मरण पाहत नाही, कुणाचे तरी मूल पाहतो. बाळाचे नाव छायाचित्रकारांनाही कळले नाही. आजही तो फोटो एका अनाम बालकाचे दफन म्हणूनच ओळखला जातो. हजारोंच्या मृत्यूचा आकडा आपण वाचतो आणि विसरतो. तो एक चेहरा विसरता येत नाही.

लक्ष वेधून घेणे एरवी सोपे असते. भडक रंग, उघडी जखम, आरडाओरडा, कशानेही मान वळते. वळलेली मान क्षणात परतही फिरते. रचनेचे काम असते ते थांबलेल्या नजरेला काही तरी देण्याचे.

पूर्वी आमच्या मोहल्ल्यातल्या स्टुडिओत फोटोवाला काळ्या कपड्याखाली डोके घालायचा, बाहेर यायचा, कुणाची टोपी सरळ करायचा, कुणाला "हनुवटी जरा खाली" म्हणायचा आणि मग एकदाच बटण दाबायचा. फिल्म महाग होती, त्यामुळे विचार आधी करावा लागे. आता मोबाइलवर एका मिनिटात 50 फोटो निघतात आणि पाहणाराही अंगठ्याने ते भराभर वर सरकवतो. अशा वेळी घरच्या लग्नात किंवा सहलीत फोटो काढताना तीन साध्या गोष्टी केल्या तरी पुष्कळ फरक पडतो. बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवावी. कुणाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला असतो, कुणाचा अर्धा हात कापला जात असतो, ते तेव्हा दिसते. मग दोन पावले पुढे जावे किंवा मुलाच्या उंचीला खाली बसावे, कारण रचना पायांनीही होते. आणि ज्याचा फोटो घ्यायचा तो परका असेल, तर आधी त्याला विचारावे आणि जमल्यास त्याचे नाव विचारावे. ही तिसरी गोष्ट कॅमेऱ्याच्या पुस्तकात फारशी सापडत नाही, पण माणूस विश्वासाने समोर उभा राहिला की त्याचा फरक फोटोत दिसतो.

पाहणाऱ्यांसाठीही एक विनंती आहे. उद्याच्या वर्तमानपत्रातला एखादा फोटो घ्या, मोर्च्याचा, पुराचा, सभेचा, कोणताही. त्याच्याकडे मिनिटभर पाहा. आपली नजर आधी कुठे गेली आणि मग कुठे वळली, ते आठवा. नंतर स्वतःला विचारा की या चौकटीच्या उजवीकडे काय असेल, डावीकडे कोण उभे असेल, आणि फोटो घेणाऱ्याने त्यांना का वगळले असेल. सभेतली भरलेली पहिली रांग आपल्याला दिसते, मागच्या रिकाम्या खुर्च्या दिसत नाहीत. आणि दगड मारणारा हात दिसतो, तेव्हा त्याच्या शेजारी जखमीला पाणी पाजणारा दुसरा एखादा हात असू शकतो.